दिवेलागणीनंतर कोण चाचपडतंय?

सासुरवाडीला गेलेल्या रातांधळ्या जावयाची गोष्ट आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. दिवस मावळला की जावईबापूंना काही दिसेनासं होतं. सासूला ते कळू नये म्हणून ते म्हशीचं शेपूट धरून घर गाठतात, जेवायला भलत्याच दिशेला तोंड करून बसतात आणि प्रत्येक फजितीवर नवी सबब काढतात. ऐकणारे पोट धरून हसतात. पण गोष्ट रचणाऱ्यानं एक फार खरी बाब टिपली आहे. जावयाची सारी धडपड चालते ती आपल्याला दिसत नाही हे लपवण्यासाठी.

रातांधळेपणाचं दुखणं वाढतं ते या लपवण्यानं. दिवसा माणूस धडधाकट असतो. वाचतो, सुई ओवतो, पैसे मोजतो. त्यामुळे संध्याकाळी तो अडखळला की लोक त्याला वेंधळा म्हणतात, मूल असलं तर भित्रं म्हणतात. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं मात्र राहून जातं.

सुरतेचा उजेड आणि गावचा अंधार

सुरतेत लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या भागांतून फिरताना आपण गुजरातेत आहोत हे क्षणभर विसरायला होतं. धुळे, नंदुरबार, जळगावकडून उधना-जळगाव रेल्वेमार्गानं आलेली कुटुंबं इथं कायमची वसली आहेत. यंत्रमागावर, साड्यांच्या छपाईत, कापडबाजारात त्यांचे हात राबतात. यंत्रमागाची पाळी बारा तासांची. कारखान्यात डोक्यावर ट्यूबलाइट, बाहेर पडलं की रस्त्यावरचे दिवे. अशा शहरात डोळ्याला खराखुरा अंधार फारसा भेटतच नाही. त्यामुळे रातांधळेपणा कितीतरी दिवस झाकून राहू शकतो. पाळी सुटल्यावर बोळातल्या उघड्या गटारात पाय जातो, सायकल दुभाजकावर आदळते आणि दोष जातो थकव्याला.

तोच माणूस दिवाळीला गावी जातो. वीज गेलेली असते, मळ्याची वाट पायाखालची असते, चुलतभाऊ झपाझप पुढं चालत असतात आणि हा मागं बांधाशी चाचपडत उभा असतो. शहराच्या उजेडानं झाकलेलं गावच्या अंधारात उघडं पडतं.

अंधारात डोळा काय करतो

डोळ्याच्या मागच्या पडद्याला दृष्टिपटल म्हणतात. त्यात प्रकाश टिपणाऱ्या दोन तऱ्हांच्या पेशी असतात. शंकूच्या आकाराच्या पेशी सुमारे ६० लाख. त्या भर उजेडात काम करतात, रंग आणि बारकावे ओळखतात. दंडाच्या आकाराच्या पेशी सुमारे १२ कोटी. त्यांना रंग कळत नाही, पण अगदी मंद प्रकाशही त्या टिपतात. रात्रीची नजर या दंडपेशींच्या हाती असते आणि दृष्टिपटलाच्या मध्यापेक्षा कडेच्या भागात त्यांची दाटी जास्त असते.

दंडपेशींत ऱ्होडॉप्सिन नावाचं जांभळट रंगद्रव्य असतं. प्रकाश पडला की ते फिकं होतं, अंधारात पुन्हा तयार होतं. हे फ्रान्झ बोल या जर्मन शास्त्रज्ञानं १८७६ साली बेडकाच्या डोळ्यात पाहिलं. ऱ्होडॉप्सिनचे दोन घटक असतात. एक प्रथिन आणि दुसरं अ जीवनसत्त्वापासून बनलेलं रेटिनाल. अ जीवनसत्त्वाचं दृष्टीतलं हे काम उलगडणाऱ्या जॉर्ज वाल्ड यांना १९६७ सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

भर उन्हातून अंधाऱ्या खोलीत गेल्यावर आधी काहीच दिसत नाही, मग हळूहळू वस्तू उमटू लागतात. पहिल्या आठ-दहा मिनिटांत शंकुपेशी सरावतात. दंडपेशींना पूर्ण सरावायला अर्धा तास किंवा त्याहून थोडा जास्त वेळ लागतो. ज्याच्या दंडपेशींत रंगद्रव्य पुरेसं तयार होत नाही, किंवा ज्याच्या दंडपेशीच मरत चालल्या आहेत, त्याला हा सराव होतच नाही. म्हणून रातांधळेपणा हे लक्षण आहे. त्यामागचा आजार वेगवेगळ्या माणसांत वेगवेगळा असतो आणि निदान करायचं असतं ते त्या आजाराचं.

पोटातून येणारं कारण

सगळ्यांत जुनं ओळखलेलं कारण म्हणजे अ जीवनसत्त्वाची कमतरता. जीवनसत्त्व हा शब्द जन्माला येण्याच्या कितीतरी आधी प्राचीन इजिप्तच्या वैद्यांनी यावर यकृत सुचवलं होतं. आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ‘नक्तांध्या’वर बकऱ्याच्या यकृताचा उपयोग सांगितला आहे. शरीरातलं बहुतेक अ जीवनसत्त्व यकृतातच साठतं, हे आज आपल्याला ठाऊक आहे. हा साठा काही महिने पुरतो. तो संपत आला की पहिली तक्रार डोळा करतो.

रातांधळेपणा ही या कमतरतेची पहिली पायरी. पुढं बुबुळाशेजारच्या पांढऱ्या भागावर फेसासारखे चट्टे दिसतात. त्यांना बिटो यांचे डाग म्हणतात. मग डोळा कोरडा पडतो, बुबुळ मऊ होऊन त्याला जखम होते आणि मूल कायमचं आंधळं होऊ शकतं. पहिल्या पायरीवर ओळखलं तर औषधाच्या मात्रेनं काही दिवसांतच रात्रीचं दिसू लागतं. शेवटच्या पायरीवर गेलेली नजर परत येत नाही.

इथं प्रश्न एकट्या नजरेचाही नसतो. आल्फ्रेड सॉमर या अमेरिकी डॉक्टरांनी इंडोनेशियात रातांधळ्या मुलांचा पाठपुरावा केला. त्या मुलांत मृत्यूचं प्रमाण इतर मुलांपेक्षा जास्त आहे, हे त्यांनी १९८३ साली दाखवलं. पुढं आचे प्रांतात अ जीवनसत्त्वाची मात्रा दिलेल्या गावांत बालमृत्यू ३४ टक्क्यांनी कमी आढळले. तो निष्कर्ष १९८६ साली प्रसिद्ध झाला. हे जीवनसत्त्व कमी पडलं की आतड्याचं आणि श्वासनलिकेचं अस्तर दुबळं होतं आणि गोवर, जुलाब मुलाला झेपत नाहीत. संध्याकाळी ठेचकाळणारं मूल आपल्याला अशी मोठी सूचना देत असतं.

भारतात १९७० पासून लहान मुलांना अ जीवनसत्त्वाची मोठी मात्रा देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. नवव्या महिन्यात गोवराच्या लशीबरोबर १ लाख एकक, मग दर सहा महिन्यांनी २ लाख एकक, अशा पाच वर्षांपर्यंत ९ मात्रा. तरीही २०१६ ते २०१८ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १ ते ४ वर्षांच्या सुमारे १८ टक्के मुलांच्या रक्तात हे जीवनसत्त्व कमी आढळलं.

सुरतेसारख्या शहरात राबायला आलेल्या कुटुंबांनी इथं विशेष जपायला हवं. मुलाचा जन्म आईच्या माहेरी धुळ्याकडे, पहिली मात्रा तिथं, मग मुक्काम लिंबायतला आणि मधेच शेतीच्या कामाला पुन्हा गावी. या ये-जा करण्यात सहा महिन्यांची पाळी सहज चुकते. महाराष्ट्रातलं बाळाचं लसीकरण कार्ड आणि गुजरातेतलं ममता कार्ड दोन्ही जपून ठेवावीत आणि जिथं असाल तिथल्या अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात दाखवावीत.

गरोदर बाईची गोष्ट आणखी वेगळी. शेवटच्या महिन्यांत गर्भाची गरज वाढते आणि आईचा साठा उतरतो. नेपाळच्या सरलाही जिल्ह्यातल्या अभ्यासात अनेक बायकांनी गरोदरपणी रात्री दिसत नसल्याचं सांगितलं होतं. बाळंतपणानंतर पुष्कळ वेळा हे आपोआप कमी होतं, म्हणून बायका ते डोहाळ्यांसारखंच धरून चालतात. ते तसं धरू नये. नियमित तपासणीला गेल्यावर डॉक्टरांना किंवा आशाताईंना सांगावं. मात्र जीवनसत्त्वाच्या जोरकस गोळ्या मनानं घेऊ नयेत, कारण गरोदरपणी त्याचा अतिरेक गर्भाला घातक ठरतो.

ताटातला उपाय आपल्या ओळखीचाच आहे. शेवग्याचा पाला, अंबाडी, मेथी, पालक, लाल भोपळा, गाजर, पपई, पिकलेला आंबा. दूध, अंडी, कलेजी. पालेभाजीतलं सत्त्व अंगी लागायला स्निग्ध पदार्थ लागतो. खानदेशी घरात अंबाडीच्या भाजीवर तेलाची फोडणी ओततात, त्यात चवीइतकंच हे शहाणपणही आहे.

रक्तातून येणारं कारण

दुसरं मोठं कारण वंशातून येतं. त्यात सर्वांत महत्त्वाचा आजार म्हणजे रेटिनायटिस पिगमेंटोसा. यात दंडपेशी हळूहळू मरतात. बालपणी किंवा तरुणपणी रात्रीचं दिसणं कमी होतं, मग कडेची नजर आत आत सरकते. शेवटी नळीतून पाहावं तसा मधला तुकडा उरतो. मधली नजर बराच काळ शाबूत राहते. म्हणून हा माणूस चष्म्याच्या दुकानातल्या पाटीवरची शेवटची ओळ वाचतो आणि ‘डोळे चांगले आहेत’ असा निर्वाळा घेऊन परततो. दारात ठेवलेला स्टूल मात्र त्याला दिसत नाही.

जगभरात हा आजार साधारण ४,००० माणसांत एकाला असतो. आपल्याकडे तो बराच जास्त आहे. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटनं नागपूरजवळच्या खेड्यांत ३० वर्षांवरच्या सुमारे ४,७०० लोकांची तपासणी केली. २०१२ साली प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष दर ७५० माणसांत एक असा होता. नात्यातली लग्नं हे प्रमाण वाढवणारं एक कारण आहे. मामाच्या मुलीशी सोयरीक आपल्या अनेक समाजांत रूढ आहे. दोघांनाही आजोबा-आजीकडून एकच सदोष जनुक आलेलं असेल, तर दोघं स्वतः निरोगी असूनही त्यांच्या प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. प्रत्येक घराण्यात आजार याच वाटेनं येतो असं नाही. काही घरांत तो आई किंवा वडिलांकडून थेट येतो, काही घरांत आईकडून मुलग्यांत.

वंशातून येणारा सगळाच रातांधळेपणा वाढत जाणारा नसतो. दक्षिण फ्रान्समध्ये १६३७ साली जन्मलेल्या झाँ नुगारे या खाटकाच्या वंशात पिढ्यान् पिढ्या जन्मजात रातांधळेपणा आढळला. त्या घराण्याची वंशावळ १८३८ साली वैद्यकात नोंदली गेली. त्या प्रकारात नजर जन्मभर तेवढीच राहते. म्हणून ‘रातांधळा’ एवढ्या शब्दावर कुणाचं भविष्य ठरवू नये.

याखेरीज साधी कारणंही पुष्कळ आहेत. लांबचं न दिसण्याचा वाढलेला नंबर, पिकू लागलेला मोतीबिंदू, मधुमेहानं बिघडलेलं दृष्टिपटल, काचबिंदू, बाहुली लहान करणारे काही थेंब. यकृताचा जुना आजार किंवा आतड्याची मोठी शस्त्रक्रिया यांमुळे खाल्लेलं जीवनसत्त्व शोषलं जात नाही आणि पोटभर जेवणारा माणूसही रातांधळा होतो.

निदान कसं होतं

पहिलं उपकरण म्हणजे प्रश्न. लहान मुलांसाठी आरोग्यसेवक आईला विचारतात: मुलाला दिवसा नीट दिसतं का? रात्री अडचण येते का? ती इतर मुलांपेक्षा वेगळी आहे का? तुमच्या बोलीत याला जो शब्द आहे, तसं काही मुलाला आहे का? हा शेवटचा प्रश्न फार मोलाचा, कारण जिथं हा आजार नांदला तिथल्या भाषेनं त्याला नाव दिलेलं असतं. सुरतेच्या दवाखान्यात मराठी आईनं संकोचायचं कारण नाही. आपला ‘रातांधळेपणा’ आणि गुजराती ‘रतांधळापणुं’ सख्खी भावंडं आहेत.

मग डॉक्टर विचारतात: लहानपणापासून आहे की अलीकडे सुरू झालं? वाढतंय का? भावंडांत, मामा-मावशीत कुणाला आहे? आईवडील नात्यातले आहेत का? कावीळ, मधुमेह, पोटाची शस्त्रक्रिया? या उत्तरांवर अर्धं निदान उभं राहतं.

त्यानंतर नंबर तपासतात, डोळ्याचा दर्शनी भाग पाहतात आणि थेंब टाकून बाहुली मोठी करून आतला पडदा बघतात. रेटिनायटिस पिगमेंटोसात तिथं हाडाच्या बारीक कण्यांसारखे काळे ठिपके, आकसलेल्या रक्तवाहिन्या आणि मेणासारखी फिकी नस दिसते. दृष्टिक्षेत्राच्या चाचणीत कडेची नजर किती उरली ते कळतं, ओसीटी या चित्रणात पडद्याचे थर मोजता येतात. रक्तातलं अ जीवनसत्त्व दर डेसिलिटरला २० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असेल तर ती कमतरता धरतात.

सर्वांत निर्णायक चाचणी ईआरजी. रुग्णाला किमान २० मिनिटं पूर्ण अंधारात बसवतात, डोळ्याला नाजूक तार लावतात आणि क्षीण प्रकाशाची चमक दाखवून पडद्यातून उठणारी विजेची लहर नोंदवतात. दंडपेशींची लहर वेगळी मोजता येते. डोळ्यात काळे ठिपके दिसू लागण्याआधीही ती मंदावलेली सापडू शकते. जीवनसत्त्वाच्या कमतरतेतही ती मंदावते, पण उपचारानंतर पुन्हा उभारी धरते. शेवटी जनुकीय तपासणी करून नेमका दोष शोधता येतो.

‘उपाय नाही तर तपासायचं कशाला’ असं म्हणणाऱ्यांना उत्तर आहे. वंशातून आलेल्या काही दुर्मीळ प्रकारांना आहारबदल आणि जीवनसत्त्वांचा उपयोग होतो. आरपीई६५ या एका जनुकाच्या दोषावरील जनुकोपचाराला अमेरिकेनं डिसेंबर २०१७ मध्ये मान्यता दिली. दोन्ही डोळ्यांच्या उपचाराची किंमत सुरुवातीलाच साडेआठ लाख डॉलर ठेवली गेल्यानं तो आज आपल्या हाताबाहेर आहे, पण वाट उघडली आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दृष्टिक्षेत्र ४० अंशांखाली गेलेला माणूस, पाटीवरची अक्षरं वाचत असला तरी, अल्पदृष्टी ठरतो आणि प्रमाणपत्राला पात्र होतो. आणि निदान झालं तर कामाची पाळी, रात्री वाहन चालवणं, धाकट्या भावंडांची तपासणी, घरातली पुढची सोयरीक यांचे निर्णय वेळेत घेता येतात.

सुरतेत मुंबई मार्केटसमोर महापालिकेचं स्मीमेर रुग्णालय आहे, मजुरागेटला नवी सिव्हिल आहे. दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं. धुळे, जळगावलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. सुरुवात तिथल्या नेत्रविभागात करता येते.

या दिवाळीत गावी जाल तेव्हा एवढं करा. सांजवेळी अंगणात मुलं खेळत असताना, पणत्या लागण्याआधीच्या त्या अर्ध्या तासात, कोणतं मूल खेळ सोडून ओट्यावर येऊन बसतं ते बघा. मळ्यातून परतताना कोण दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून चालतं, ते बघा. त्याला हसू नका, रागावू नका. एकट्याला बाजूला घेऊन विचारा आणि भाऊबीज झाली की स्वतः त्याच्यासोबत डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.