कॉफीच्या कपातली थरथर

‘द चायना सिंड्रोम’ हा अणुवीजकेंद्रातल्या बिघाडावरचा १९७९चा सिनेमा मी परवा पुन्हा पाहिला. पानशेतला मामांकडे, बाहेर पावसाची झड. संपल्यावर भाच्याने विचारलं, “ती भट्टी फुटली असती तर हिरोशिमा झालं असतं ना?”

नाही. युरेनियमच्या अणुबाँबला सुमारे ९० टक्के युरेनियम-२३५ लागतं. वीजकेंद्राच्या इंधनात ते साधारण ३ ते ५ टक्के असतं. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या संचात तर नैसर्गिक युरेनियम, म्हणजे १ टक्क्याहूनही कमी. तिथे अणुबाँबसारखा स्फोट होत नाही. वाफेचा किंवा हायड्रोजनचा होऊ शकतो. चेर्नोबिल आणि फुकुशिमाला झालाही. वितळलेलं इंधन जमीन भेदून चीनला पोचतं, ही तर नुसती सिनेमाच्या नावापुरती कल्पना. चेर्नोबिलचा तो रस तळघरातच थिजला.

माझ्या मते खरा घातक गैरसमज वेगळाच आहे: भट्टी बंद केली की धोका टळला. विखंडन थांबलं तरी उरलेल्या किरणोत्सारी द्रव्यांमुळे सुरुवातीला मूळ उष्णतेच्या ६-७ टक्के उष्णता निघत राहते. जाळ विझला तरी निखारे धगधगतात, तसं. थंड करणारं पाणी तुटलं की इंधन वितळायला लागतं. म्हणूनच नियंत्रण कक्षातला तो प्रसंग दरवेळी माझ्या अंगावर येतो. काटा पाणी जास्त दाखवतोय, म्हणून माणसं ते कमी करत सुटली आहेत. जॅक लेमनने साकारलेला गॉडेल काचेवर बोटाने टकटक करतो. अडकलेला काटा सुटतो आणि सरसर खाली येतो. पाणी जास्त नव्हतंच, संपत आलं होतं.

हे अतिरंजित आहे, असं अणुऊर्जा उद्योगातले लोक तेव्हा म्हणाले. सिनेमा लागला १६ मार्चला. २८ मार्चला पेनसिल्व्हेनियात थ्री माइल आयलंडला एक व्हॉल्व्ह उघडाच अडकला, दिव्यावरून तो बंद वाटला, आणि पाणी जास्त झालंय असं समजून पुरवठा कमी केला गेला. जवळपास अर्धं इंधन वितळलं. पोलादी पात्र टिकलं, म्हणून निभावलं.

मामा एवढंच म्हणाले, “गॉडेलच्या कपातली कॉफी थरथरली ना, तेव्हाच मला आपलं धरण आठवलं.”

पानशेत अतिवृष्टीने फुटलं, असं आजही लोक सांगतात. १९६१ला पाऊस होताच. पण धरणाचं काम अपुरं असताना त्याच पावसाळ्यात पाणी अडवलं गेलं. पाणी सोडायची मोरी अर्धवट होती. आतल्या बेफाम प्रवाहाने ती हादरत राहिली आणि वरचा मातीचा भराव खचत गेला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. १२ जुलैला सकाळी धरण फुटलं, मागोमाग खडकवासलाही, आणि भर दिवसा पुण्यात पाणी शिरलं.

सिनेमा मामांनी एकदाच थांबवला होता. गॉडेल पंपाच्या जोडांचे एक्स-रे शेजारी शेजारी धरतो. जोड वेगवेगळे, फोटो मात्र तोच. मामा उठून पडद्याजवळ गेले, चष्मा वर करून पाहिलं. “अरे, हे तपासलंच नाही की कुणी!”