संगणक जागा होत नाही तेव्हा

मनमाडहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर लासूर स्टेशन हे गाव लागते. आसपासच्या खेड्यांतील लोक बाजारहाटासाठी येथे येतात. आताशा संगणकावरील कामांसाठीही येतात. जुलै महिन्याची अखेर असावी, पीक विम्याच्या अर्जाची मुदत संपत आलेली असावी, सातबारा आणि बँकेचे पासबुक सांभाळीत शेतकरी सेवा केंद्राच्या दारात उभे असावेत, आणि नेमके त्याच वेळी कळ दाबूनही संगणकाने हूं की चूं करू नये, असा प्रसंग एखादे वेळी ओढवतो. ‘संगणक जळला!’ असे म्हणून कोणीतरी मोकळा होतो. बहुधा तो जळलेला नसतो.

पाटाचे पाणी वाफ्यात पोहोचले नाही, म्हणजे शेतकरी पाटाच्या काठाकाठाने चालत जातो आणि पाणी कोठे अडले ते पाहतो. विजेचीही वाट तशीच चालून पाहावी. भिंतीवरील खाचांत मोबाइलचा चार्जर लावून पाहिला, म्हणजे तेथवर वीज येते की नाही ते कळते. पुढे यूपीएस असतो. वीज बराच वेळ गेली असेल, तर त्याची बॅटरी संपून तो बंद पडलेला असतो व पुन्हा मुद्दाम चालू करावा लागतो. मग येते संगणकाच्या पेटीत जाणारी जाड वायर. केर काढताना धक्का लागून ती सैल होते. पेटीच्या मागील बाजूस पुष्कळदा एक लहान खटका असतो. त्यावरील उभी रेघ म्हणजे चालू आणि वर्तुळ म्हणजे बंद. पेटी पुसताना तो केव्हा फिरला, हे पुसणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसते! पेटीतील पंखा फिरत असून केवळ पडदा काळा असेल, तर मात्र दोष निराळा. तो पडद्यात किंवा त्याच्या वायरीत शोधावा.

भिंतीतून येणारी २३० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज संगणकाच्या नाजूक भागांना सोसत नाही. पेटीतील वीजपुरवठा-संच तिचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या एकदिश विजेत रूपांतर करतो. समोरची कळ दिव्याच्या बटणासारखी नसते. ती वीज जोडीत नाही, तर केवळ मुख्य फलकाला इशारा देते आणि तो फलक वीजपुरवठा-संचाला जागे करतो. त्यासाठी संगणक बंद असतानाही ५ व्होल्टचा एक बारीक प्रवाह चालूच असतो. देवडीवरचा पहारेकरी जसा डुलकी घेतानाही एक कान उघडा ठेवतो, तसा. विजेच्या झटक्याने हा पहारेकरी कधी कधी गोंधळतो. अशा वेळी वायर काढून समोरची कळ अर्धा मिनिट दाबून धरावी, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. मग वायर पुन्हा लावावी. एवढ्यानेही कित्येक संगणक सुरू होतात.

तरीही पंखा क्षणभर फिरून थांबत असेल, तर एखाद्या भागात वीज आडमार्गाने वाहत असावी व वीजपुरवठा-संच स्वतःला आवरून घेत असावा. प्रिंटर, पेन ड्राइव्ह आदी जोडण्या काढून पाहाव्यात. त्यापुढील काम जाणत्या कारागिराचे. वीजपुरवठा-संच कोणीही हौसेने उघडू नये, कारण वायर काढल्यावरही त्यातील धारित्रांत जिवावर बेतेल एवढी वीज साठून राहू शकते. जळका वास आला, तर वायर पुन्हा लावूच नये.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या ‘टिफ्रॅक’ या संगणकात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. आजच्या नखाएवढ्या चकतीत अब्जावधी ट्रान्झिस्टर मावतात आणि ते क्वचितच बिघडतात. बिघडते ती बहुधा वायर, नाही तर खटका.

दारातील शेतकऱ्याला मात्र वेगळीच चिंता असते. काल भरून ठेवलेल्या अर्जाचे काय झाले? साठवलेली माहिती डिस्कवर असते आणि वीज नसली तरी ती तेथे टिकते. वीजपुरवठा-संच खरोखरच निकामी झाला, तरी डिस्क धड असेल तर ती काढून दुसऱ्या संगणकाला जोडता येते, आणि कालचा अर्ज पुन्हा पडद्यावर उमटतो.