चौकट : डिझेल इंजिन आतून

वीज पोहोचण्याआधी महाराष्ट्रातल्या कितीतरी विहिरींवर पाणी उपसलं ते डिझेल इंजिनाने. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्यात १९४६ साली स्थापन झाली. मूळ यंत्र त्याहून जुनं. रुडॉल्फ डिझेल यांचं इंजिन १८९७ मध्ये जर्मनीत ऑग्सबर्गला यशस्वीपणे चाललं.

पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लग ठिणगी पाडतो. डिझेलमध्ये प्लगच नाही. पिस्टन हवा सोळा ते वीस पट दाबतो, ती ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि नोझलमधून तुषार उडताच डिझेल आपोआप पेटतं.

एवढ्या दाबाविरुद्ध इंजिन हाताने सुरू करायचं कसं? जुन्या एका सिलिंडरच्या इंजिनावर त्यासाठी डीकॉम्प्रेशन लिव्हर असतो. तो उचलला की व्हॉल्व्ह उघडा राहतो, हँडल हलकं फिरतं. फ्लायव्हीलने वेग घेतला की लिव्हर पाडायचा. त्याच जोरावर पहिला दाब पार होतो. चार स्ट्रोकांपैकी ताकद देणारा एकच, उरलेले तीन हे जड चाक ओढून नेतं.

सर्वांत नाजूक भाग फ्युएल पंपाचा. त्यातला प्लंजर आणि बॅरल ही जोडी एकमेकांसाठीच घासून बसवलेली असते, मधली फट काही मायक्रॉनची. एक बिघडला तर दोन्ही बदलावे लागतात. हा पंप गाडीत असो, जनरेटरला असो वा विहिरीवर, त्याचा खरा शत्रू कचरा आणि पाणी. म्हणून डिझेल गाळूनच भरा आणि फिल्टर वेळेवर बदला.