पृथ्वीची पांढरी गच्ची

उन्हाळा लागला की जुळे सोलापुरात अनेक गच्च्यांवर पांढरा रंग चढतो. पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकणाऱ्या गावाने अनुभवातून शिकलेला हा उपाय आहे. काळपट गच्ची दिवसभर ऊन पिते आणि रात्रभर ती उष्णता घरात सोडते. पांढरी गच्ची बरेचसे ऊन आल्या पावली परत पाठवते.

पृथ्वीलाही अशा दोन मोठ्या पांढऱ्या गच्च्या आहेत : अंटार्क्टिका आणि ग्रीनलंड. जमिनीवरचा जवळजवळ ९९ टक्के बर्फ या दोन ठिकाणी आहे. ताजे हिम ८० टक्क्यांहून अधिक सूर्यप्रकाश परत फेकते. उघडा समुद्र मात्र ९० टक्क्यांहून अधिक शोषून घेतो. त्यामुळे बर्फ वितळला की उष्णता वाढते, आणि उष्णता वाढली की आणखी बर्फ वितळतो. मंगळाच्या दोन्ही ध्रुवांवरही अशा पांढऱ्या टोप्या आहेत. तिथल्या हिवाळ्यात त्यांवर गोठलेल्या कार्बन डायऑक्साइडचा थर चढतो आणि उन्हाळ्यात तो उडून जातो.

‘बर्फ पूर्वीही वितळला होताच की!’ असे कोणी म्हणेल. ते खरे आहे आणि त्याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. चंद्रपूरजवळ, पैनगंगेकाठच्या इरई गावापाशी चुनखडीच्या खडकावर समांतर ओरखडे आहेत. सरकत्या बर्फाने तळाशी धरलेल्या दगडांनी ते सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी ओढले. तेव्हा भारत गोंडवन महाखंडात, दक्षिण ध्रुवाच्या बराच जवळ होता. १८७०च्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फ्रान्सिस फेडन यांनी या खुणांची नोंद केली. आज चंद्रपूर देशातल्या सर्वांत उष्ण शहरांत गणले जाते.

फरक आहे तो वेगाचा. तो बर्फ लाखो वर्षांत हटला आणि तेव्हा पृथ्वीवर माणूस नव्हता. आइसलँडमधली ‘ओक’ हिमनदी मात्र एका शतकात आटली. २०१४ मध्ये ती हिमनदी उरली नसल्याचे जाहीर झाले आणि २०१९ मध्ये तिथे स्मृतिफलक लावण्यात आला.

शरीराचेही असेच आहे. ते उन्हाला सरावते, पण त्यासाठी एक-दोन आठवडे लागतात. अचानक आलेली उष्णतेची लाट त्याला झेपत नाही. वृद्ध, तान्ही बाळे आणि उन्हात राबणारे मजूर आधी कोसळतात. अंग तापून माणूस बरळू लागला किंवा त्याची शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ला फोन करावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

घराच्या गच्चीला दरवर्षी नवा रंग देता येतो. ध्रुवावरच्या गच्चीला तो देता येत नाही. तिचा रंग टिकवायचा तर कोळसा आणि तेल जाळणे कमी करणे, हाच उपाय आहे.