‘बडे का दिल’: घ्यावं कुठून, शिजवावं कसं आणि आधी वाढावं कुणाला

बकरी ईदच्या दिवशी कुर्बानी झाली की आपल्या घरांत चुलीवर सगळ्यांत आधी चढते ती कलेजी. तिच्यासोबत गुर्दे आणि दिल. बाकी गोश्ताचे हिस्से अजून व्हायचे असतात, तोवर हे शिजून तयार. पण वर्षभर मात्र दिल कुणी आवर्जून मागत नाही. कलेजीला गिऱ्हाईक असतं, पाये सांगून ठेवावे लागतात, भेज्यासाठी लवकर जावं लागतं. दिल मात्र बहुतेक वेळा खिम्यात तरी जातं, नाहीतर मिक्स गोश्तात.

हे थोडं नुकसानीचं आहे. कारण आपल्या घरांतल्या बायका आणि वाढत्या वयाच्या मुलींच्या अंगात ज्याची सगळ्यांत जास्त कमी आहे, ते लोह आणि बी-१२ या स्वस्त गोश्तात भरपूर असतं. फक्त ते योग्य जनावराचं, नीट साफ केलेलं आणि पूर्ण शिजलेलं हवं. आणि ते योग्य ताटात पडायला हवं.

आधी कायद्याचं

महाराष्ट्रात ४ मार्च २०१५ पासून गाईसोबत बैल आणि सांड यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. कत्तलीला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या कायद्यातली काही कलमं रद्द केली. दुसऱ्या राज्यातून आणलेलं असं गोश्त जवळ बाळगणं हा गुन्हा ठरवणारं कलम त्यात होतं. पण कत्तलबंदी कायम राहिली. म्हणून इंटरनेटवर ‘बीफ हार्ट’च्या पाककृती दिसतात, तेव्हा आपल्यासाठी त्याचा अर्थ एकच: म्हशीचं किंवा रेड्याचं दिल, ज्याला आपण ‘बडे का’ म्हणतो. नाहीतर ‘छोटे का’, म्हणजे बकऱ्याचं.

म्हशीच्या गोश्तावर सरसकट बंदी नाही. मात्र जनावराची पशुवैद्यकीय तपासणी, दाखला, ठरलेली जागा हे नियम आहेत. म्हणून परवानाधारक दुकानातूनच घ्या आणि पावती मागायला लाजू नका. गावाकडे नेताना ती पिशवीत असू द्या. आजच्या दिवसांत ही सावधगिरी घरातल्या प्रत्येक मुलाला समजावून सांगायला हवी.

दिल हलाल आहे का?

हो. हनफी फिकहमध्ये हलाल जनावराच्या सात गोष्टी खायला मना आहेत: वाहतं रक्त, नराचा अवयव, मादीचा अवयव, कपुरे, गुदूद म्हणजे गाठी, मसाना म्हणजे लघवीची पिशवी आणि पित्ताची पिशवी. दिल या यादीत नाही. (कपुरे मात्र आहेत, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.) एक गोष्ट लक्षात ठेवायची. दिलाच्या आतल्या कप्प्यांत रक्त साकळून राहिलेलं असतं. ते काढून, धुऊनच दिल शिजवायचं. तब्येतीच्या दृष्टीनेही तेच बरोबर आहे. मसल्याबद्दल काही शंका असेल तर आपल्या मशिदीतल्या मौलानांना विचारून घ्या.

यात असतं तरी काय?

दिल हा अवयव असला तरी तो कलेजीसारखा नाही. कलेजी म्हणजे शरीराचं कोठार, तिथे जीवनसत्त्वं साठवली जातात. दिल हा स्नायू आहे, जन्मापासून एक क्षणही न थांबता काम करणारा. म्हणून त्याची चव आणि पोत साध्या गोश्ताच्या जवळ जातो. कलेजीचा वास ज्यांना चालत नाही, त्यांना दिल आवडू शकतं.

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यात मोठ्या जनावराच्या कच्च्या दिलाची मोजणी दिली आहे. ती गाय-बैलाची आहे. म्हशीच्या किंवा बकऱ्याच्या दिलात आकडे थोडे पुढे-मागे होतील, पण अंदाज येतो. १०० ग्रॅममध्ये साधारण:

- प्रथिनं १७ ते १८ ग्रॅम
- चरबी फक्त ४ ग्रॅमच्या आसपास
- लोह ४ मिलिग्रॅमपेक्षा थोडं जास्त
- बी-१२ सुमारे ८.५ मायक्रोग्रॅम
- कोलेस्टेरॉल सुमारे १२५ मिलिग्रॅम

मोठ्या माणसाला दिवसाला बी-१२ लागतं दोन ते अडीच मायक्रोग्रॅम. म्हणजे शंभर ग्रॅम दिलात तीन दिवसांपेक्षा जास्तीची सोय. लोहाचं बघा: ब्रॉयलर कोंबडीच्या शंभर ग्रॅम गोश्तात ते साधारण एक मिलिग्रॅमच्या आत असतं. दिलात त्याच्या चौपट-पाचपट.

नुसता आकडा पुरेसा नाही, लोहाचा प्रकारही महत्त्वाचा. पालक, डाळ, चणे, गूळ यांतलं लोह शरीर फार थोडं शोषतं. गोश्तातलं लोह त्याच्या कितीतरी पट सहज शोषलं जातं. शिवाय गोश्त सोबत असलं की भाजी-डाळीतलं लोहही जास्त शोषलं जातं. म्हणून एकट्यानेच पाव किलो दिल खायची गरज नाही. डाळीत किंवा भाजीत थोडे थोडे तुकडे सगळ्यांना मिळाले तरी फायदा होतो.

आपल्या जिल्ह्याशी याचा संबंध

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये तर जवळपास ६९ टक्के. म्हणजे दोन बायकांत एक तरी. हा आकडा सगळ्या समाजांचा आहे, आपण त्यातून वेगळे नाही.

शाळेत आम्ही सहावी ते बारावीच्या मुलामुलींना दर आठवड्याला निळी गोळी देतो, लोह आणि फॉलिक ॲसिडची. वर्गात बसल्या बसल्या डुलकी घेणारी, दोन जिने चढून धापा टाकणारी, खडू किंवा कच्चे तांदूळ तोंडात टाकणारी मुलगी आळशी किंवा हट्टी असेलच असं नाही. माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटणं हे पुष्कळदा लोहाच्या कमतरतेचं लक्षण असतं. अशी मुलगी घरात असेल तर तिला रागवण्याआधी सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्या. बाईचं १२ पेक्षा कमी आणि गरोदर बाईचं ११ पेक्षा कमी असेल तर तो रक्तक्षय समजतात.

भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर या आपल्या पट्ट्यात सिकलसेलही आहे. त्यात रक्त कमी असतं, पण त्याचं कारण लोहाची कमी असेलच असं नाही. उलट वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णाच्या शरीरात लोह जास्त झालेलं असू शकतं. म्हणून हिमोग्लोबिन सारखं कमीच राहत असेल तर सिकलसेलची तपासणी करून घ्या. तसा रुग्ण घरात असेल तर लोहाच्या गोळ्या आणि असलं गोश्त डॉक्टरांना विचारूनच द्या.

आणखी एक. दिल हे औषध नाही. शंभर ग्रॅममध्ये चार मिलिग्रॅम लोह, आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने बाईची रोजची गरज धरली आहे २९ मिलिग्रॅम. फॉलिक ॲसिडही दिलात नावालाच असतं. त्यामुळे डॉक्टरांनी किंवा आशाताईंनी दिलेल्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. दिल हा जेवणाचा भाग, गोळीच्या जोडीला.

विकत घेताना आणि साफ करताना

ताजं दिल गडद लाल, दाबलं तर घट्ट आणि ओलसर असतं. चिकट, हिरवट-करडं किंवा आंबट वासाचं घेऊ नका. दिल नेहमी उभं चिरून आतून बघा. पशुवैद्यक गोश्त तपासताना दिल कापून बघतात, त्याला कारण आहे: पट्टकृमीच्या अळ्या जनावराच्या जबड्याच्या आणि दिलाच्या स्नायूत जास्त सापडतात. तांदळाच्या किंवा साबुदाण्याच्या दाण्याएवढे पांढरट फोड दिसले तर ते दिल परत करा.

बडे का दिल एक ते दोन किलोचं किंवा त्याहून मोठंही असतं, म्हणून दोन-तीन घरांनी मिळून घेतलं तर परवडतं. साफ करायची पद्धत अशी:

१. वरची पातळ झिल्ली ओढून काढा. वरच्या बाजूची घट्ट पांढरी चरबी आणि जाड नळ्या कापून टाका.

२. उभं चिरून पुस्तकासारखं उघडा. कप्प्यांतलं साकळलेलं रक्त बोटाने काढा. आतले पांढरे दोरे आणि पडदे कात्रीने कापा. ते शिजून मऊ होत नाहीत, रबरासारखे लागतात.

३. पाण्याने दोन-तीनदा धुवा. मग मीठ आणि चमचाभर सिरका किंवा लिंबू घातलेल्या पाण्यात अर्धा तास ठेवा आणि पुन्हा धुवा.

आपला जिल्हा पितळी भांड्यांसाठी ओळखला जातो आणि पुष्कळ घरांत अजून पातेली-परातीही तीच आहेत. कल्हई नसलेल्या पितळेत सिरका, लिंबू, दही लावलेलं गोश्त मुरायला ठेवू नका. स्टीलचं भांडं घ्या. शिजवायला लोखंडी कढई असेल तर उत्तमच.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशी पार करतो. अशा दिवसांत कच्चं गोश्त तासाभरापेक्षा जास्त बाहेर राहू देऊ नका. फ्रिजमध्ये एक-दोन दिवस, त्यापुढे फ्रीजरमध्येच. ईदच्या दिवशी हे जास्त सांभाळायचं.

मसाला दिल, घरच्या पद्धतीने

अर्धा किलो साफ केलेल्या दिलाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करा. त्यांना दोन चमचे दही, आलं-लसणाची पेस्ट दीड चमचा, हळद, मीठ आणि सालासकट वाटलेली कच्ची पपई एक लहान चमचा लावून तासभर ठेवा. कढईत तेल तापवून दोन कांदे लालसर परता. भाजलेलं सुकं खोबरं आणि खसखस यांचं वाटण, धणे पूड, तिखट, काळी मिरी घाला. तेल सुटलं की दिल टाकून मोठ्या आचेवर पाच-सात मिनिटं परता. मग कपभर पाणी घालून कुकरमध्ये लावा.

बडे का असेल तर पहिल्या शिट्टीनंतर बारीक आचेवर २५ ते ३० मिनिटं, बकऱ्याचं असेल तर १० ते १२. झाकण काढल्यावर तुकडा मधोमध कापून बघा. आत लाल दिसता कामा नये. हॉटेलांच्या व्हिडिओंत दिल अर्धवट भाजून खाताना दाखवतात, ते आपण करायचं नाही. जंतू आणि कृमी पूर्ण शिजवल्यानेच मरतात. गरोदर बाईसाठी तर हे फार महत्त्वाचं आहे.

शेवटी गरम मसाला, कोथिंबीर आणि वरून लिंबू. लिंबातल्या क जीवनसत्त्वाने लोह अंगी लागायला मदत होते. अंबाडी, मेथी किंवा चवळाईच्या भाजीत दिलाचे तुकडे घालून केलं तरी छान लागतं, आणि थोड्या गोश्तात सगळं घर जेवतं. जेवणावर लगेच चहा मात्र नको. चहाने लोहाचं शोषण कमी होतं, तास-दीड तास थांबा.

कुणी जपून खावं

ज्यांना गाऊटचा त्रास आहे, युरिक ॲसिड वाढलेलं आहे, मूत्रपिंडाचा आजार आहे, त्यांनी अवयवांचं गोश्त टाळावं किंवा डॉक्टरांना विचारावं. कोलेस्टेरॉल जास्त असणाऱ्यांनी आणि हृदयरोग्यांनीही. ‘दिल खाल्ल्याने दिल मजबूत होतं’ ही नुसती म्हण आहे. तंदुरुस्त माणसाला आठवड्यातून एकदा, शिजलेले ७५ ते १०० ग्रॅम पुरे. गरोदर बाईला कलेजी जास्त देऊ नये म्हणतात, कारण तिच्यात अ जीवनसत्त्व फार असतं आणि ते अति झालं तर बाळाला धोका. दिलात ते जवळजवळ नसतं, त्यामुळे नीट शिजवलेलं दिल तिला चालतं.

आणि शेवटी ताटाचा प्रश्न

आपल्या पुष्कळ घरांत दस्तरख्वान आधी मर्दांसाठी अंथरलं जातं. कलेजी, दिल, गुर्दे हे ‘ताकदीचं’ म्हणून अब्बांना, भाऊजानला, पाहुण्यांना. मग लहान मुलं. ज्या अम्मीने ते साफ केलं, शिजवलं, तिच्या आणि मुलींच्या वाट्याला उरते तर्री आणि एखादा तुकडा. यात कुणाच्या मनात वाईट नसतं, रीतच पडली आहे. पण दर महिन्याला ज्यांचं रक्त जातं, ज्यांच्या पोटात बाळ वाढतं, ज्या बाळाला दूध पाजतात, लोहाची गरज त्यांनाच जास्त. आकडे बघा: परिषदेच्या हिशोबाने पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम, बाईला २९.

म्हणून पुढच्या वेळी दिल शिजेल तेव्हा भांडं दस्तरख्वानावर जाण्याआधीच मुलीचा आणि अम्मीचा हिस्सा बाजूला काढून ठेवा. हे काम घरातल्या मर्दाने स्वतः केलं तर मुलंही तेच शिकतील.