मोठ्याचं लहान करताना

आमच्या मोहन्याच्या घरात एक कृष्णधवल फोटो आहे. सहा इंच बाय चार इंच. नॅशनल रेयॉन, म्हणजे इथे सगळे ज्याला एनआरसी म्हणतात त्या कारखान्यातल्या एका खात्याची माणसं चार रांगांत उभी आणि बसलेली आहेत. मागे लांबवर गेलेलं शेडचं पन्हळी पत्र्यांचं छप्पर दिसतं. तिसऱ्या रांगेत उजवीकडून दुसरे माझे वडील. कारखाना २००९ साली बंद पडला, कॉलनी हळूहळू ओस पडत गेली. त्या खात्यातली दोन-तीन माणसं अजून आंबिवली-टिटवाळ्याकडे राहतात. त्यांना हा फोटो पाठवावा म्हणून गेल्या दिवाळीच्या साफसफाईत मी तो स्कॅन करायला काढला.

इंचाला ६०० ठिपके या हिशेबाने फोटो ३६०० बाय २४०० ठिपक्यांचा झाला, म्हणजे ८६ लाख ४० हजार. फोनवर पाठवायला फाइल जड होती, म्हणून मी ती दोन्ही बाजूंनी चौथाई केली. उरले ५ लाख ४० हजार, मूळच्या दर १६ ठिपक्यांमागे १. मुलीने फोन हातात घेतला आणि विचारलं, “बाबा, छपरावर हे तिरके पट्टे कसले?”

मूळ फोटोत तसे पट्टे कुठेच नव्हते. छप्पर जिथे दूर जातं तिथे पन्हळी इतक्या जवळ आल्या होत्या की दर ५ ठिपक्यांना एक उंचवटा येत होता. माझ्या प्रोग्रामने केलं एवढंच, की दर चौथा ठिपका उचलला आणि मधले तीन टाकले. मोजून पाहा. पहिला ठिपका उंचवट्यावरचा मिळाला तर पुढचे घसरत घसरत खळग्यात जातात, आणि पुन्हा नेमका उंचवटा हाती लागतो तो २० ठिपक्यांनंतर. त्यामुळे पाचाच्या जागी विसाची लाट दिसू लागते. पत्रा किंचित कललेला असेल तर ती लाट तिरकी होते. सिनेमात टांग्याचं चाक कधीकधी उलटं फिरताना दिसतं त्याचं कारणही हेच: चालू गोष्टीचे नमुने जितके दाट घ्यायला हवेत तितके दाट घेतलेले नसतात. ही चूक पुढे दुरुस्त करता येत नाही. एकदा विसाची लाट उमटली की ती छपराचीच होती की नव्हती हे लहान चित्रावरून कुणालाही सांगता येणार नाही.

प्रोग्रामच्या यादीत लहान करण्याचे आणखी प्रकार होते: बायलिनियर, बायक्युबिक, आणि शेवटी ‘लॅन्झोस’. या नावापाशी मी थबकलो. हे नाव मी कॉलेजात शिकलो होतो, पण फोटोंच्या संदर्भात नाही. ते आयगेनव्हॅल्यूच्या प्रकरणात होतं.

हे नाव गणितज्ञ कॉर्नेलियस लांत्सोश यांचं; लांत्सोश हा त्याचा मूळ हंगेरियन उच्चार. जन्म १८९३ चा, सेकेशफेहेरवारचा. १९२८-२९ मध्ये बर्लिनला ते आइनस्टाइन यांचे सहायक होते. १९३१ मध्ये अमेरिकेत गेले, परड्यू विद्यापीठात शिकवलं, विमानांच्या कारखान्यात काम केलं, लॉस एंजेलिसच्या सरकारी गणनसंस्थेत रमले, १९५४ पासून डब्लिनला राहिले आणि १९७४ मध्ये बुडापेस्टमध्ये वारले. या एकाच माणसाचं नाव गणनाच्या दोन वेगळ्या वाटणाऱ्या कामांना लागलेलं आहे. त्या दोन्ही कामांचा प्रश्न मात्र एकच आहे, आणि तो माझ्या फोटोचाही होता: मोठ्याचं लहान करायचंच असेल, तर राखायचं काय?

आधी आयगेनव्हॅल्यू. ‘आयगेन’ हा जर्मन शब्द, अर्थ ‘स्वतःचं’. दोन आकडे घ्या, १ आणि ०. त्यांच्यावर एक ठरलेली कृती करायची: नवा पहिला म्हणजे पहिल्याची दुप्पट अधिक दुसरा, नवा दुसरा म्हणजे पहिला अधिक दुसऱ्याची दुप्पट. मिळतात २ आणि १. पुन्हा तेच केलं की ५ आणि ४. मग १४ आणि १३. मग ४१ आणि ४०. दोन गोष्टी डोळ्यांत भरतात. दोन्ही आकड्यांचं गुणोत्तर १ च्या जवळ येत चाललं आहे, आणि प्रत्येक फेरीत ते आकडे साधारण तिप्पट होताहेत. १ आणि १ ही जोडी घेऊन सुरुवात केली असती तर नेमकी तिप्पट झाली असती, दिशा जराही न बदलता. ती या कृतीची स्वतःची दिशा, आणि ३ हा तिचा स्वतःचा आकडा, म्हणजेच आयगेनव्हॅल्यू. दुसरी अशी जोडी १ आणि उणे १. ती आहे तशीच राहते, तिचा आकडा १. कृतीचे नियम चौकटीत मांडले की त्याला मॅट्रिक्स म्हणतात. मॅट्रिक्स दोन ओळींची असो की पाच हजार ओळींची, तिचा स्वभाव या मोजक्या दिशांमध्ये साठवलेला असतो.

पाठ्यपुस्तकात हे आकडे काढायला एक बहुपदी मांडून तिची उत्तरं शोधायला शिकवतात. दोन-तीन ओळींपर्यंत ते चालतं. पाचव्या घातापासून पुढे सरसकट सूत्र असूच शकत नाही हे आबेल यांनी १८२४ मध्ये सिद्ध केलं, म्हणजे उत्तराच्या जवळ जवळ सरकत जाण्याखेरीज मार्ग नाही. आणि बहुपदीचा रस्ता तर निसरडाच आहे. इंग्लंडच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत ट्युरिंग यांच्याबरोबर काम केलेल्या जेम्स विल्किन्सन यांनी १ ते २० हीच वीस उत्तरं असलेली बहुपदी घेतली. तिच्यातला एक सहगुणक उणे २१० होता. त्यात सातव्या दशांशस्थळी १ मिळवावा एवढाच फरक केला, आणि वीसपैकी दहा उत्तरं वास्तव संख्याच राहिली नाहीत. १६ आणि १७ च्या जागी १६.७३ अधिक-उणे २.८१ आय अशी जोडी आली. संगणक प्रत्येक आकडा कुठेतरी तोडून साठवतो. सूत्र बरोबर असूनही उत्तर हातातून निसटू शकतं, हे मला या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं शिक्षण वाटतं, आणि ते आपल्या वर्गांत फार उशिरा मिळतं.

म्हणून बहुपदीला वगळून थेट मॅट्रिक्सवरच काम करणाऱ्या पद्धती आल्या. त्यांतली सगळ्यात वापरली जाणारी क्यूआर पद्धत १९६० च्या आसपास लंडनमध्ये जॉन फ्रान्सिस आणि लेनिनग्राडमध्ये व्हेरा कुब्लानोव्स्काया यांनी एकमेकांना न कळता शोधली. फ्रान्सिस लवकरच या क्षेत्रातून बाहेर पडले. २००७ मध्ये जीन गोलब आणि फ्रँक ऊलिग यांनी त्यांना शोधून काढलं, तोवर आपली पद्धत जगभर रोज चालते याची त्यांना कल्पनाही नव्हती.

क्यूआर सगळ्या आयगेनव्हॅल्यू देते, पण मोठ्या मॅट्रिक्सला सगळ्या हव्या असतात कुठे? वरचं ४१-४० चं उदाहरण ज्या पद्धतीचं, ती रिचर्ड फॉन मिझेस यांनी १९२९ मध्ये मांडलेली. तिच्यात नवी जोडी मिळाली की जुनी सोडून देतात. लांत्सोश यांनी १९५० च्या लेखात जुन्या पायऱ्या कामाला लावल्या. प्रत्येक नव्या पायरीतून आधीच्या पायऱ्यांचा अंश वजा करायचा आणि जे खरोखर नवं उरेल तेवढंच ठेवायचं. मॅट्रिक्स सममित असेल तर फक्त मागच्या दोन पायऱ्यांचा अंश काढला तरी पुरतो. हजारो ओळींच्या मॅट्रिक्सची तीस-चाळीस ओळींची प्रतिकृती तयार होते. तिच्यात मधला कर्ण आणि त्याच्या दोन बाजू एवढेच आकडे असतात, आणि टोकाच्या आयगेनव्हॅल्यू मोठीशी फार लवकर जुळतात. खोट एकच होती: आकडे तोडून साठवल्यामुळे पायऱ्या एकमेकींत मिसळत आणि एकच उत्तर दोन-दोनदा उगवे. त्यामुळे ही पद्धत वीस वर्षं मागे पडली. १९७१ मध्ये ख्रिस पेज यांनी लंडनला दाखवलं की ही मिसळ नेमकी एखादं उत्तर पक्कं झालं की सुरू होते. ज्याला सगळे दोष समजत होते ती काम झाल्याची खूण निघाली.

हे सगळं आपल्या पावसाशी येऊन मिळतं ते पुण्यात. हवामान खात्याच्या पुणे कार्यालयाने देशभरच्या ६,९५५ पर्जन्यमापकांच्या नोंदींवरून १९०१ पासूनच्या रोजच्या पावसाच्या चौकटी तयार केल्या आहेत. एक चौकट पाव अंशाची, साधारण २७ किलोमीटरची. देशाच्या जमिनीवर अशा सुमारे पाच हजार चौकटी पडतात. कोणत्या दोन चौकटी एकदमच भिजतात आणि कुठे एक भिजली की दुसरी कोरडी राहते, हे मांडायला पाच हजार बाय पाच हजार, म्हणजे अडीच कोटी आकड्यांची मॅट्रिक्स होते. तिच्या मोठ्यात मोठ्या आयगेनव्हॅल्यूंच्या दिशा म्हणजे पावसाचे मुख्य नमुने. हवामानशास्त्रात ही रीत एडवर्ड लोरेन्झ यांनी १९५६ मध्ये रूढ केली. अडीच कोटी आकड्यांतले पहिले चार-पाच नमुनेच हवे असतील तर लांत्सोशचा रस्ता सोपा पडतो.

पावसाळ्यात ढगांचा पट्टा विषुववृत्ताकडून उत्तरेला पुन्हा पुन्हा सरकतो, हे डी. आर. सिक्का आणि पुण्यात जन्मलेल्या सुलोचना गाडगीळ यांनी १९८० मध्ये उपग्रहाच्या चित्रांवरून दाखवलं. पाऊस जोर धरतो, मग खंड पडतो, पुन्हा धरतो, ते साधारण ३० ते ६० दिवसांच्या या लाटेमुळे. पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत, म्हणजे आयआयटीएममध्ये, ई. सुहास, जे. एम. नीना आणि बी. एन. गोस्वामी यांनी २०१३ मध्ये या लाटेचा निर्देशांक मांडला. मागच्या दिवसांचा पाऊसही जमेस धरून काढलेले पहिले दोन नमुने घ्यायचे आणि आजचा पाऊस त्या दोघांत किती बसतो ते दोन आकड्यांत सांगायचं. कागदावर तो एक बिंदू होतो. हंगामभर तो वर्तुळात फिरतो, आणि वर्तुळाचे आठ भाग म्हणजे लाटेच्या आठ अवस्था. पेरणी करावी की आठवडाभर थांबावं या प्रश्नाला याहून कामाचं गणित मला माहीत नाही.

ही ३० ते ६० दिवसांची लाट रोजच्या धडधडीतून वेगळी काढायला हवामानशास्त्रज्ञ जी चाळणी वापरतात तिचं नावही लांत्सोशच. १९७९ मध्ये ओक्लाहोमाचे क्लॉड डुशॉन यांनी तिला ते दिलं. लांत्सोश यांनी चित्रांसाठी काही लिहिलं नव्हतं. अचानक उडी घेणारी रेषा लाटांच्या बेरजेने काढली की काठाशी साधारण नऊ टक्के उसळी राहते, ती कमी करायचा एक उपाय त्यांनी दिला होता. डुशॉन यांनी त्याची चाळणी केली आणि १९९० च्या सुमारास चित्रांवर काम करणाऱ्यांनी ती उचलली.

दोन ठिपक्यांच्या बरोबर मधला नवा ठिपका काढायचा असेल तर ही चाळणी एका ओळीतल्या सहा शेजाऱ्यांना विचारते. लगतच्या दोघांना प्रत्येकी सुमारे ०.६१ वजन. त्यांच्या पलीकडच्या दोघांना उणे ०.१४. त्याहून पलीकडे ०.०२. बेरीज नेमकी १ व्हावी म्हणून शेवटी जराशी दुरुस्ती. आडवे सहा, उभे सहा, एकूण ३६ शेजारी. बायलिनियरला चारच पुरतात. मधलं उणे वजन फार मोलाचं आहे. दूरच्या शेजाऱ्याचा रंग वजा झाल्यामुळे कड धारदार राहते. जास्त झालं तर काळ्या टोपीभोवती पांढरी किनार उमटते, आणि ती मात्र पाहावी लागते. लहान करताना हीच चाळणी त्याच पटीत रुंद करतात, म्हणजे चौथाईसाठी एका ओळीतले २४ ठिपके विचारात येतात. मी ती वापरली. छपरावरचे पट्टे गेले, आणि दूरचा पत्रा एकसारखा राखाडी झाला. पन्हळी दिसेनाशा झाल्या, पण नसलेलं काही दिसलं नाही.

फोटो हीसुद्धा मॅट्रिक्सच. म्हणून मी तिचेही नमुने काढून पाहिले. एक उभी माळ आणि एक आडवी माळ गुणली की एक नमुना. पहिले ५० नमुने ठेवले तर ८६ लाखांच्या जागी ३ लाख ५० आकडे पुरतात. आभाळ, शेडची आडवी रेघ, माणसांच्या रांगा पहिल्या काही नमुन्यांतच आल्या. ५० झाले तरी चेहरे धूसरच होते. मोठ्या क्षेत्रावर पसरलेलं आधी येतं. लहान आणि एकमेव असलेलं शेवटी.

पावसाचंही तसंच आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला सुमारे ७३. दोहोंच्या अक्षांशांत पाव अंशाचाही फरक नाही. सरासरी ५०८ काढली तर ती दोन्हीकडे खोटी ठरते. त्याच रात्री उल्हासच्या खोऱ्यात बदलापूरपासून कल्याणपर्यंत पूर होता. हंगामाच्या लाटेचे पहिले दोन नमुने अशा रात्रीबद्दल बोलत नाहीत; त्यांच्याकडून ते मागायचंही नसतं. नदीकाठच्या वस्तीला हवा असतो तो जवळचा पर्जन्यमापक आणि दर तासाची नोंद.

स्कॅनमध्ये वडिलांचा चेहरा ६४ ठिपके रुंद आहे. चौथाईत तो १६ होतो. तेव्हा अख्खा फोटो मी लांत्सोशने लहान करून पाठवला, आणि चारही रांगा मूळ आकारात, लांबट पट्ट्या कापून, वेगळ्या पाठवल्या. दुसऱ्या दिवशी टिटवाळ्याहून एका काकांचा फोन आला. तिसऱ्या पट्टीतली सगळी माणसं त्यांनी डावीकडून ओळीने नावानिशी सांगितली, चौथीत दोघांपाशी अडले आणि एकाला त्याच्या मनगटावरच्या घड्याळावरून ओळखलं. नावं मी पेन्सिलने फोटोच्या मागे लिहून ठेवली आहेत. एक जागा रिकामी आहे.