संगणक जुनाच असू द्या, पण त्याची डागडुजी थांबवू नका

आज बीड, परळी, अंबाजोगाईच्या बाजारपेठेत किराणा, कापड आणि हार्डवेअरच्या दुकानांतून संगणक पोहोचला आहे. माजलगाव, गेवराईकडे जिनिंगच्या वजनकाट्याची पावती संगणकावर निघते. लग्नपत्रिका छापणारे, फ्लेक्सवाले आणि मशीनवर भरतकाम करणारे आपले कारागीर बांधवही संगणकाविना काम करू शकत नाहीत. मात्र यातील बरीच यंत्रे जुनी आहेत आणि ती जुनी ठेवण्यामागे सबळ कारणेही आहेत. कोणाच्या मराठी टंकाच्या पॅकेजचे डोंगल नव्या विंडोजवर चालत नाही, कोणाच्या प्लॉटरचा ड्रायव्हर मिळत नाही, तर कोणाचा वजनकाटा जुन्या पद्धतीच्या पोर्टलाच जोडता येतो. त्यात नवे यंत्र घेण्याचा खर्च वेगळाच.

त्यामुळे पडद्यावर ‘नवी आवृत्ती घ्या’ अशी सूचना आली की दुकानदार धास्तावतो. मग तो ओळखीच्या मुलाला बोलावून सगळेच अपडेट कायमचे बंद करून टाकतो. इथेच घात होतो. नवी आवृत्ती नाकारण्याचा आपल्याला हक्क आहे, पण सुरक्षेची डागडुजी नाकारणे हे दुकानाला कुलूप न लावता घरी जाण्यासारखे आहे.

दोन वेगळ्या गोष्टी

आपल्या मराठवाड्यात जुन्या वाड्यांना माळवद असते. पावसाळ्यापूर्वी त्यावर पांढरी माती टाकून भेगा बुजवतात. त्यासाठी कोणी वाडा पाडून नवा बांधत नाही. संगणकाचेही असेच आहे. कारखान्यातून निघालेल्या प्रणालीत काही भेगा राहिलेल्या असतात आणि त्या हळूहळू उघडकीस येतात. त्या बुजवण्यासाठी कंपनी जे पाठवते ते सुरक्षा अपडेट. विंडोज १० काढून विंडोज ११ बसवणे म्हणजे अपग्रेड, अर्थात नवा वाडा. पहिले काम दुसऱ्यावाचून होऊ शकते.

मायक्रोसॉफ्ट कंपनी २००३ सालापासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी ही डागडुजी एकत्र पाठवते. अमेरिकेतील वेळेमुळे आपल्याकडे ती मंगळवारी रात्री उशिरा पोहोचते. एखादा महिना चुकला तरी पुढच्या महिन्याच्या अपडेटमध्ये मागचे बहुतेक सारे समाविष्ट असते.

२०१७ सालचा धडा

हा प्रश्न किती गंभीर आहे हे २०१७ साली साऱ्या जगाने पाहिले. विंडोजमध्ये एक भेग सापडली होती. ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दिले. ते विंडोज ७ साठीही होते, म्हणजे विंडोज ७ वापरणाऱ्याला विंडोज १० घेण्याची गरज नव्हती. तरीही असंख्य लोकांनी ते बसवले नाही. दोन महिन्यांनी, १२ मे रोजी, वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस त्याच भेगेतून शिरला. सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांतील फायली त्याने कुलूपबंद केल्या आणि कुलूप उघडण्यासाठी ३०० डॉलरची मागणी केली. बाधित यंत्रांत बहुसंख्य विंडोज ७ चीच होती. ज्यांनी मार्चमध्ये ते एक अपडेट घेतले होते, त्यांच्या जुन्या विंडोज ७ मध्येही या भेगेतून व्हायरसला शिरता आले नाही.

त्यानंतर २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या आला. त्याचा फटका थेट महाराष्ट्राला बसला. उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरात मर्स्क समूहाच्या कंपनीकडून चालवले जाणारे कंटेनर टर्मिनल ठप्प झाले. मर्स्कला जगभरात सुमारे ४५ हजार संगणक आणि ४ हजार सर्व्हर नव्याने उभे करावे लागले आणि २५ ते ३० कोटी डॉलरचे नुकसान सोसावे लागले.

या घटनेत छोट्या व्यापाऱ्यासाठी दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक म्हणजे, डागडुजी न केलेल्या एका यंत्रातून शिरून हा व्हायरस तेथील पासवर्ड चोरत असे आणि त्यांच्या जोरावर शेजारच्या डागडुजी केलेल्या यंत्रांतही जात असे. म्हणजे दुकानात तीन संगणक एका वायरीने जोडलेले असतील तर दोघांचे अपडेट करून भागत नाही. दुसरी म्हणजे, नॉटपेट्याचा उगम युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्ये होता. चोरांनी त्या कंपनीचीच यंत्रणा ताब्यात घेतली होती. म्हणून अपडेट आवश्यक असले तरी हिशेबाची वेगळी प्रत ठेवण्याला पर्याय नाही.

विंडोज १० वापरणाऱ्यांनी काय करावे?

विंडोज १० ची नेहमीची मोफत डागडुजी १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. यंत्र चालूच राहते, पण त्या तारखेनंतर सापडलेल्या भेगा आपोआप बुजत नाहीत. त्यासाठी कंपनीने वाढीव सुरक्षा अपडेटची योजना काढली. विंडोज ११ न घेता केवळ सुरक्षेची डागडुजी मिळवण्याचा हाच सरळ मार्ग आहे.

प्रथम यंत्रात विंडोज १० ची शेवटची आवृत्ती, म्हणजे २२एच२, आहे का हे पाहावे. ते सेटिंग्जमधील सिस्टिम आणि त्याखालील अबाउट या ठिकाणी दिसते. ही आवृत्ती नसेल तर आधी ती घ्यावी लागते. मग सेटिंग्जमध्ये अपडेट अँड सिक्युरिटी आणि त्यातील विंडोज अपडेट उघडावे. घरगुती वापराच्या यंत्रासाठी नोंदणीची सोय तेथेच दिलेली आहे. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचे खाते लागते. सेटिंग्जची प्रत त्या खात्यात ठेवण्यास संमती दिली तर नोंदणी मोफत होते. तसे नको असेल तर एकदाच ३० डॉलर इतकी रक्कम भरता येते. ही योजना जाहीर झाली तेव्हा तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत होती. व्यवसायाच्या यंत्रांसाठी वेगळी योजना आहे. तिचा दर पहिल्या वर्षी प्रतियंत्र ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट आणि जास्तीत जास्त तीन वर्षे असा ठरवण्यात आला. रक्कम पाहता तिसऱ्या वर्षापर्यंत थांबण्याऐवजी नव्या यंत्रासाठी पैसे बाजूला काढणे शहाणपणाचे ठरेल.

त्याच पानावर विंडोज ११ घेण्याचे आमंत्रण दिसले तर सध्या विंडोज १० वरच राहण्याचा पर्याय निवडावा. यंत्रात प्रो प्रकार असेल तर जाणकाराकडून ग्रुप पॉलिसीमध्ये ‘विंडोज १०’ आणि ‘२२एच२’ हे लक्ष्य म्हणून भरून घ्यावे. मग यंत्र नव्या आवृत्तीकडे जात नाही, डागडुजी मात्र घेत राहते.

विंडोज ७ किंवा एक्सपी असेल तर?

एक्सपीची मदत ८ एप्रिल २०१४ रोजी आणि विंडोज ७ ची सर्वसाधारण मदत १४ जानेवारी २०२० रोजी संपली. प्लॉटर किंवा भरतकामाच्या मशीनसाठी असे यंत्र ठेवावेच लागत असेल तर त्याची इंटरनेटची वायर काढावी आणि हिशेबाच्या संगणकाशी असलेली जोडणीही तोडावी. त्यावर बँकेचे व्यवहार, ई-मेल किंवा जीएसटीचे काम करू नये. डिझाइनच्या फायली पेन ड्राइव्हने न्याव्यात, पण तो आधी दुसऱ्या, अपडेट असलेल्या यंत्रावर तपासून घ्यावा.

काही व्यावहारिक सूचना

अपडेटपूर्वी टॅली किंवा जे पॅकेज असेल त्याचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घ्यावा आणि पेन ड्राइव्ह काढून ठेवावा. तो लावूनच ठेवला तर व्हायरस त्यालाही कुलूप लावतो. अपडेट बसताना वीज गेल्यास यंत्र बिघडू शकते, म्हणून यूपीएस किंवा इन्व्हर्टर असल्याखेरीज काम सुरू करू नये. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांनी ११ आणि २० या जीएसटीच्या तारखा टाळाव्यात. जुम्याच्या नमाजसाठी दुकान बंद असते तो वेळ या कामाला चांगला आहे.

अनेक दुकानांत फुकटात टाकलेली विंडोज असते. ती चालू करण्यासाठी वापरलेल्या ‘क्रॅक’मध्येच बऱ्याचदा व्हायरस लपलेला असतो आणि काही वेळा अपडेटही बंद केलेले असते. दुसऱ्याचा माल दाम न देता वापरणे आपल्या दीनमध्ये वैध नाही हे तर आहेच, पण व्यवहाराच्या दृष्टीनेही तो तोट्याचा सौदा आहे.

मोबाइललाही हाच नियम लागू आहे. अँड्रॉइडची आवृत्ती जुनी असली तरी तिच्या सुरक्षा अपडेटची तारीख वेगळी असते आणि ती सेटिंग्जमध्ये पाहता येते. ती काही वर्षांपूर्वीची असेल आणि नवे अपडेट येत नसेल तर त्या मोबाइलवरून यूपीआयचे व्यवहार करू नयेत. इतके करूनही पैशांची फसवणूक झालीच तर विलंब न करता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

कुरआनमधील सर्वांत मोठी आयत, सूरह बकरहची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे हे आपल्याला ठाऊक आहे. लिहिलेले जपणे हा त्याच जबाबदारीचा पुढचा भाग आहे. आपल्या संगणकात केवळ आपला नफा-तोटा नसतो. कोणाची उधारी फिटली, कोणाची आगाऊ रक्कम जमा आहे, जकातीचा हिशेब किती, हे सारे त्यात असते. ती ग्राहकांची आणि हकदारांची अमानत आहे. यंत्र नवे घेणे प्रत्येकाला परवडेल असे नाही. महिन्यातून एक तास त्याच्या डागडुजीला देणे मात्र प्रत्येकाला शक्य आहे.